वरच्या खोलीतलं अंथरूण

रवि., ८ जून

दुसऱ्या घरात आपलं लेकरू घेऊन आलेल्या बायांनो! तुम्हाला इथं कुंकू मिळालं, आडनाव मिळालं, कपाटाची किल्ली मिळाली. तुमच्या लेकराला काय मिळालं? हॉलमधला दिवाण. पाहुणे आले की तोही नाही.

हे आज कडेगावच्या सभेत बोलायला हवं होतं. बोलले मुलींच्या वारसाहक्कावर. टाळ्या भरपूर. एक म्हातारी हात धरून म्हणाली, "बाई, तुमी बोलला की आमीच बोलल्यागत वाटतं." तिथून सांगलीला घरी आले, तर रेवा दिवाणाच्या एका टोकाला पाय दुमडून बसलेली. दुसऱ्या टोकाला सुभेदारांचे दोन दोस्त चहा पीत होते. माझी लेक. दहावीचं वर्ष. पुस्तकं दिवाणाखाली, कपडे अजून बॅगेत.

सुभेदारांशी लग्न करून वर्ष होत आलं. वर्षभर पोरगी बॅगेतून कपडे काढते आहे आणि मी गावोगाव हक्कांवर बोलते आहे.

मंगळ., १० जून

विषय काढला. सगळे जेवायला बसलेले असताना, मुद्दाम.

घरात खोल्या तीन. खाली एक आमची, एक सासूबाईंची. सानिका, सुभेदारांची धाकटी, आजीजवळ झोपते. वरची खोली थोरल्याची, आदित्यची. तो आता साताऱ्याला भरतीच्या अकॅडमीत राहायला गेलाय. वर्षभर तरी येत नाही. मग रेवानं वर जावं. यात न समजण्यासारखं काय आहे?

सासूबाई : "त्येचं अंथरूण हाय तिथं."

"गुंडाळून ठेवू की, आत्याबाई."

"फौजीचं अंथरूण गुंडाळत न्हाईत आमच्यात. त्यो परत येईस्तवर पसरून ठिवायचं. ह्या माझ्या लेकाचा बाप बॉर्डरला हुता तवा चादर बदलायची, पर उशी हलवत नव्हते मी. आला का न्हाई धडधाकट माघारी?"

"पण आदित्य अजून फौजी कुठं झालाय? अकॅडमीत उकडलेली अंडी खातोय नुसती."

सानिका फिस्सकन हसली. आजीनं तिच्या ताटातला पापड काढून घेतला.

सुभेदार म्हणाले, "बघू."

या माणसाचं 'बघू' म्हणजे विहिरीत टाकलेला दगड. आवाज येतो, पुढं काही नाही.

शुक्र., १३ जून

केलं. आत्याबाई देवळात गेल्या होत्या. वर गेले, आदित्यचं अंथरूण गुंडाळून माळ्यावर टाकलं, खिडक्या उघडल्या. रेवाची पुस्तकं मांडली. बॅग रिकामी केली, तीही माळ्यावर.

रेवा दारात उभी. म्हणाली, "आतून कडी लावून बघू?"

लावली. बराच वेळ उघडली नाही. मी बाहेर जिन्यावर बसून राहिले. पंधरा वर्षांच्या पोरीला आतून कडी लावायची चैन वाटावी...

आत्याबाई आल्या, वर बघितलं. जेवल्या नाहीत. सुभेदार मला म्हणाले, "थोडं सबुरीनं घेतलं असतं तर." मी म्हटलं, सबुरी हा शब्द ज्याच्याकडे खोली असते त्यालाच सुचतो.

गुरु., १९ जून

सकाळी साताऱ्याहून फोन. आदित्य धावताना पडला. घोटा मोडलाय, प्लास्टर. येत्या भरतीला उतरता येणार नाही.

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सांगितलं हुतं का न्हाई मी? गुंडाळलं अंथरूण! पोराच्या नशिबाची वळकटी केली बाईनं!"

सुभेदार गाडी काढून पोराला आणायला गेले. जाताना आईला एवढं तरी म्हणायचं, की आई, असं काही नसतं. 

शेजारीण तब्येत विचारायला आली. तिची नजर जिन्याकडे.

शुक्र., २० जून



आदित्यला जिना चढता येत नाही. तो खाली दिवाणावरच झोपणार. म्हणजे वरची खोली त्याच्या काही उपयोगाची नाही. तरीही मी कॉलेजात शिकवायला गेले असताना आत्याबाईंनी मोलकरणीला वर पाठवलं. अंथरूण परत पसरलं. उशी, चादर, सगळं जिथल्या तिथं. त्यावर कुणी झोपणार नाही. आणि रेवाची पुस्तकं? जिन्याच्या पायऱ्यांवर. एकेका पायरीवर एकेक विषय.

ती क्लासहून माझ्याआधी आली. खालच्या पायरीपासून वर पुस्तकं गोळा करत गेली, खोलीपर्यंत पोचली, आणि तशीच खाली आली. हे मला सानिकानं सांगितलं, रडत. "ताई कायबी बोलली नाही, मावशी."

संध्याकाळी रेवा म्हणाली, "दोन दिवस कोरेगावला जाऊ? आजीकडे?"

कोरेगावची आजी म्हणजे तिच्या बापाची आई. लेक गेला, पण नातीचा पलंग मोडला नाही त्या बाईनं. मी हो म्हटलं. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

सोम., २३ जून

आदित्य मोबाईलवरून मान वर न करता म्हणाला, "मावशी, ग्राऊंडवर खड्डा होता. पाऊल पडलं त्यात. आज्जीला दहादा सांगितलं."

"मग?"

"ती म्हणती, खड्डा कुणी पाडला?"

दोघंही हसलो. पहिल्यांदाच, एकत्र. मग तो हळूच म्हणाला, "मला खोली नको. हॉलमध्ये टीव्ही हाय. पण मी बोललो तर ती म्हणंल, मावशीनं शिकवलं."

अठरा वर्षांच्या पोराला कळतं. त्याच्या बापाला कळत नाही? की कळतं, म्हणूनच गप्प?

बुध., २५ जून

रेवाचा फोन. दोन दिवसांचे पाच झाले.

"आई, इथल्या शाळेत नाव घालू का? काका म्हणतात, सोमवारपर्यंत घेतील."

 एवढ्या सभा गाजवलेली बाई, आणि मी विचारलं, जेवलीस का?

मग तिनंच विचारलं, "ते काय म्हणाले?"

ते. वर्षभरात तिनं सुभेदारांना कुठलीच हाक मारलेली नाही. काका नाही, पप्पा नाही.

"काही म्हणाले नाहीत अजून."

"तेच ना," म्हणाली, आणि आजी बोलावते म्हणून फोन ठेवला.

शनि., २८ जून

आज भांडले. मनसोक्त.

ते म्हणाले, "वर झोपू दे की तिला. मी कधी नाही म्हणालो?"

"हो तरी कधी म्हणालात?"

"आईला या वयात कोण समजावणार? तू जा, घेऊन ये पोरीला. तुझं ऐकेल ती."

माझं ऐकेल! माझंच ऐकून ती इथं आली होती. आता प्रश्न माझ्या शब्दाचा नाही. आत्याबाईंवरही माझा राग आता उरला नाही. नवरा सीमेवर असताना त्या बाईनं कशाला तरी धरून रात्री काढल्या, तेच धरून बसल्यात. राग आहे तो या शांत, सभ्य, कुणालाच न दुखावणाऱ्या माणसाचा. न दुखावता न दुखावता एक पोरगी घराबाहेर गेली.

सासरी गेलेल्या लेकीला आणायला आपल्याकडे माणूस जातो. ती आपणहून आली तर शेजारीपाजारी विचारतात, न्यायला कुणी आलं नाही का? या पोरीला न्यायला आईनं जायचं आणि जिन्याखाली आणून बसवायचं? नाही. मी जाणार नाही. सोमवारी तिकडच्या शाळेत नाव दाखल झालं, तर संपलं.

सुभेदार, हे पान तुमच्या चहाच्या कपाखाली ठेवते आहे. सभेत शेवटी मी लोकांना एकच काम सांगते, तुम्हालाही एकच सांगते. उद्या सकाळी आईच्या पाया पडा, कुठं जाताय ते त्यांना मोठ्यानं सांगा, आणि एकटे कोरेगावला जाऊन तिच्या आजीसमोर म्हणा : माझ्या लेकीला न्यायला आलोय.