ग्रंथात नसलेलं वाक्य

तीर्थरूप बाबा,

नमस्कार करते आणि आधी माझी एक चूक दुरुस्त करते.

इथल्या प्रार्थनागृहात मी ग्रंथ वाचते, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते अर्धंच खरं. मी पडद्याआड बसून हळू वाचते आणि नजर गेलेले म्हातारे गुरुजी तेच मोठ्याने म्हणतात. "पोरी, डोळे तुझे, तोंड माझं," असं हसून सांगतात. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लपवलं.

बाकी ठीक. खोली हवेशीर आहे, जेवते वेळेवर. आईचा गुडघा कसा आहे?

बाबा, झोप मात्र उडाली आहे. मी सात मुलींना ग्रंथ वाचायला शिकवते, तो वर्ग प्रार्थनागृहाच्या समितीला बंद करायचाय. "बाईने ग्रंथाला हात लावू नये, असं ग्रंथातच आहे," हे गुरुजींनी जाहीर करायचं आणि पडद्याआडून त्यांना सांगायचं मी! समितीच्या सेक्रेटरींना विचारलं, "मग मी रोज काय करते?"

"ताई, दिसत नाही ते चालतं."

तुम्ही माझ्याकडून सगळा ग्रंथ दोनदा वाचून घेतलात. मी पुन्हा पानन्‌पान चाळलं. ते वाक्य नाही. माझ्या नजरेतून सुटलं असेल तर लगेच कळवा.

नकार दिला तर नोकरीबरोबर खोलीही जाईल. आईला इतक्यात सांगू नका. पण ते वाक्य मी गुरुजींना सांगणार नाही. ते माझ्या शब्दांसाठी थांबले की उठून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, खरं काय ते सांगेन.

रात्री उशिरा लिहितेय, अक्षराला हसू नका.

तुमची धाकटी

ता.क. ते जाहीर करायचा दिवस लिहायचा राहिला: येता रविवार, चौदा तारीख, सकाळची प्रार्थना.