पोटात पाय

ता. १९, रविवार दुपार

दादा,

नमस्कार. पत्राला लागतो म्हणून घातलाय, तुझ्यासाठी नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी लिहायला बसले. कधीचं टाळतेय. कागद समोर घेतला की शिव्याच सुचतात, आणि माझं शुद्धलेखन तुला माहीत आहे.

मुलं बरी आहेत. भुंग्याचा पुढचा दात पडला. ठमीचे फ्रॉक आखूड झालेत. स्वयंपाकघरातला नळ गळतो. इथे येण्याआधी मी एका सर्कशीत तिकिटं फाडत होते, तिथे एक पोपट होता, तो मालकाच्या आवाजात सगळ्यांना कामावरून काढायचा. ते जाऊ दे.

"थोडे दिवस पोरांना बघ, बोटीचं काम आटपलं की आलोच," म्हणालास. पायाला भिंगरी असलेली मी एका पिशवीनिशी आले. ती पिशवी अजून दारामागे भरलेलीच आहे. शाळेतल्या बाई म्हणतात, नाव घालायला पालकाची सही हवी. आत्या चालत नाही. सही काय समुद्रातून गळ टाकून काढू? म्हणून शाळा घरातच भरवली. मास्तरीण कोण, तर नववीत आपटलेली मी! हस, हस.

घरात पोरांजोगं एकच पुस्तक सापडलं. चित्रांचं. घर शोधत फिरणाऱ्या गोगलगाईचं. मग सगळे विषय तिच्याच पाठीवर लादले. चित्रातल्या अळंब्या मोजायच्या, ते गणित. तिचा रस्ता खडूने फरशीवर काढायचा, तो भूगोल. मोरीतून एक खरी गोगलगाय आणून काचेवर सोडली नि खालून बघितली. ठमीने निकाल दिला, "आत्या, हिला वेगळे पाय नाहीतच. पोट हाच पाय आहे." झालं विज्ञान!

माझं टाळकं कशाने फिरलंय ते सांगते. त्या दिवशी तू परत फोन कापलास आणि मी ओरडले, "तुमचा बाप म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय!" मी राग ओकून मोकळी झाले. भुंगा पुस्तक घेऊन धावत आला. "हा बाबा आहे?"

दादा, शेवटच्या पानावर गोगलगाय घरी पोचते.

तेव्हापासून रोज उठला की विचारतो, "आज शेवटचं पान?" पुस्तक संपलं की बाबा येणार, हे त्याचं पक्कं. मग मी पानं ताणायला लागले. चित्रातल्या एका छत्रीत रंग कोंबले, आकार कोंबले, पाऊस कसा पडतो तेही कोंबलं. पोरांचं शिकून होऊ नये म्हणून शिकवणारी मास्तरीण बघितलीस कधी? ठमीला सगळं कळतं. ती अळंब्या मुद्दाम चुकीच्या मोजते, म्हणजे पुन्हा मोजाव्या लागतात. एवढीशी पोर तुझी अब्रू सांभाळते आणि तू फोन कापतोस!

काल मोजायला काहीच उरलं नाही. मग मी एक फोन केला. जिचं नाव घरात काढायचं नाही असं तू बजावलंयस, तिला. "तिला मुलं नकोत" हे आम्ही तुझ्याच तोंडून ऐकलं. तिला कोणी विचारलं? मीही नाही विचारलं. काल फक्त म्हटलं, "वहिनी, भुंग्याचा दात पडला." पलीकडून मग फोन ठेवला गेला. म्हटलं, संपलं, इथूनही काही नाही.

आता चिडशील. चीड.

आज शेवटचं पान वाचलं. गोगलगाय पोचली. भुंगा उंबऱ्यावर जाऊन बसलाय, आणि त्याला काय सांगायचं ते सुचत नाही म्हणून मी इथे तुझ्यावर शाई

थांब, दारात कोणीतरी आलंय.

वहिनी आहे. चपला घालूनच उभी आहे, आत येऊ की नको असं. ठमी भिंतीला चिकटलीय, पण हसतेय. तू तिला घराबाहेर काढलंस तेव्हा भुंगा रांगत होता, तो काय ओळखणार? तिच्याकडे बघतो, पुस्तकाकडे बघतो, आणि मला म्हणतो, "आत्या, ही दुसरीच गोगलगाय आली."

मी तिला आत घेतेय. शाळेला आईची सही चालते.

पिशवी रिकामी करायला निघालेली,
भिंगरी