दोन सप्तकांची उडी

॥ श्री ॥

चामराजपेट, बेंगळूर
१० जून १९५८

ती. अण्णास वसूचा कृ. सा. न. वि. वि.

तू लंडनहून पाठवलेली पियानोची पुस्तकं पोचली. त्यातला शेवटचा तुकडा मी डिसेंबरच्या परीक्षेत वाजवायचं ठरवलं आहे. शिकवणीला मिस पिंटो म्हणाल्या, वसुमती, तुला वेड लागलंय. हा परीक्षेचा नव्हे, सर्कशीचा तुकडा आहे. उजव्या हाताने एका पट्टीवरून थेट दोन सप्तकं पलीकडे उडी घ्यायची आणि तसंच परत यायचं, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत! पण नेटाने बसवला तर जमेल असं मला वाटतं.

अप्पांनी धारवाडच्या स्थळाला डिसेंबरपर्यंत थांबवून ठेवलं आहे. परीक्षकांनी कौतुक केलं तर पुढे शीक म्हणतात, नाही तर अक्षता. तू तिथे मोठमोठे वादक ऐकतोस. हा तुकडा खरोखर किती अवघड आहे, ते कुणाला तरी विचारून लगेच कळव.

आईने मेतकूट पाठवलं आहे. घरमालकिणीला वास आवडला नाही तर स्वल्प खिडकी उघड, असा तिचा निरोप.

लोभ आहेच, तो सातासमुद्रापलीकडेही तसाच राहू दे.
तुझी वसू


लंडन
४ जुलै १९५८

चि. वसूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाने मला कामाला लावलं. पुस्तकाच्या दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, याहून अवघड काही लिहिलेलंच नाही. घरमालकिणीचा भाचा संगीताच्या कॉलेजात आहे. त्याने नाक उडवलं. म्हणाला, याच्याहून अवघड वीस तरी तुकडे असतील, हा नुसता दिसायला भयंकर.

शेवटी मी तिकीट काढून वारोशी नावाच्या हंगेरियन वादकाच्या तोंडूनच, म्हणजे हातूनच, ऐकून आलो. वसू, मला हात दिसलाच नाही. तो इकडे असायचा आणि मग तिकडे असायचा. वाजवताना माणूस चक्क हसत होता. तेव्हा माझा निकाल असा: त्याला सोपा, आपल्याला अशक्य. पोळपाटावर गोल फिरताना अडखळणारे तुझे हात मला ठाऊक आहेत. दुसरं काही निवड.

हिवाळ्यात तो हिंदुस्थानात येणार आहे, बेंगळूरलाही. जरूर ऐक.

अप्पांना सा. न. आणि तुझ्यावर चिडवण्याइतकी माया कायम.
हयवदन


चामराजपेट, बेंगळूर
३ डिसेंबर १९५८

ती. अण्णास कृ. सा. न. वि. वि.

कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. मि. वारोशी काल आले होते. कार्यक्रमाचा हॉल संध्याकाळशिवाय उघडत नाही, म्हणून सकाळचा सराव त्यांनी छावणीत, दंडूत मिस पिंटोंच्या घरी केला. पुस्तक धरून बसायला आणि सूर चुकला की सांगायला कुणीतरी हवं होतं. मिस पिंटोंनी मला बसवलं!

अण्णा, सकाळभर त्यांनी तो एकच तुकडा घेतला, आणि किती सावकाश! आपण लहानपणी पाटीवर अक्षर गिरवायचो तसं. एक उडी घ्यायची, थांबायचं, पुन्हा घ्यायची. एकदा पट्टी चुकली. मी लगेच सांगितलं. त्यांनी मान झुकवून आभार मानले.

शेवटी मी धीर करून विचारलं, हा तुकडा खरंच किती अवघड आहे? ते म्हणाले की चौदाव्या वर्षापासून वाजवतोय, पण ते पान येईल याची खात्री धरून एकदाही रंगमंचावर गेलेलो नाही. हसता कसे मग, असं विचारलं तर म्हणाले, ते हसू नव्हे, मी दात आवळलेले असतात.

मग त्यांनी मला वाजवायला लावलं. अर्ध्या पानावर थांबवून माझा पंजा आपल्या पंजाला लावून पाहिला. हात लहान आहे, पण अडचण ती नाही, म्हणाले. तू उडी घेण्याआधीच आक्रसतेस. तीन वर्षं दे. मग कदाचित.

रात्री हॉलमध्ये त्यांनी तो असा वाजवला की बाजूच्या बाई खुर्ची सोडून उभ्या राहिल्या. मी मात्र बसून होते. सकाळी पाहिलं नसतं तर मीही नुसत्या टाळ्या वाजवल्या असत्या.

घरी येऊन अप्पांना सगळं सांगितलं. परीक्षेत हा तुकडा वाजवणार नाही, पण तीन वर्षं हवीत, असंही सांगितलं. आई रडली. अप्पांनी एवढंच विचारलं, खात्री नसते असं ते स्वतः म्हणाले? मी हो म्हटलं. आज सकाळी त्यांनी धारवाडला नकार कळवला.

माझी आठवण ठेव, आणि रागावलास तरी लिहीत राहा.
वसू


॥ श्री ॥

चामराजपेट, बेंगळूर
१८ फेब्रुवारी १९६२

चि. हयवदनास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल वसूचा कार्यक्रम झाला. तिला लिहायला बसवलं तर पेन हातात घेऊनच झोपली, म्हणून मी लिहितो.

मला या संगीतातलं काही कळत नाही हे तू जाणतोस. वेदपाठ मात्र जन्मभर ऐकला. आमचे गुरुजी घनपाठ म्हणायला सभेत बसले की सुरुवातीला त्यांच्या मांडीवरचा हात कापायचा. इतक्या वर्षांत एक अक्षर चुकलेलं नाही, मग हात का कापतो, हे मला बालपणी कोडं होतं. वारोशींना ऐकून आल्यावर त्या रात्री वसू बोलली तेव्हा मला त्यांचा हात दिसला. धारवाडला नकार का दिलात म्हणून तू विचारलं होतंस, त्याचं हे कारण.

हा तुकडा मी घरात भिंतीपलीकडून ऐकत आलो, पण कायम तुकड्यातुकड्यांनी. सबंध असा काल पहिल्यांदाच ऐकला. त्या उड्यांचं पान आलं आणि मी डोळे मिटून घेतले. मला पाहवेना. मग शेवटचा सूर विरला आणि हॉल इतका शांत झाला की माझ्याच श्वासाची मला लाज वाटली. डोळे उघडले तेव्हा ती उठून उभी होती आणि लोक वाहवा वाहवा ओरडत होते. मिस पिंटो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होत्या. मला संकोच वाटला, पण मी हललो नाही.

टॅक्सीत तिचे हात हातात घेतले. बर्फासारखे गार होते. ती पाच वर्षांची असल्यापासून मी ते धरले नव्हते. उपरण्यात गुंडाळून घरापर्यंत धरून बसलो. दारातच तुझ्या आईने विचारलं, फार अवघड होतं का हो? मी नुसते वसूचे हात तिच्या हातात दिले.

प्रकृतीस जपावे. आम्हां म्हाताऱ्यांवर ममता असू द्यावी.
भीमाचार्य