मीठ बघा, भावजी

तीर्थस्वरूप वहिनींच्या चरणी,

तक्रार गंभीर आहे. तुमच्या स्वयंपाकघरातलं एकही झाकण कुठल्याच पातेल्यावर बसत नाही. जन्मभर संस्कृत शिकवून अवघड समास सोडवले, पण हे कोडं सुटेना.

तुम्ही गेलात, तरी दर रविवारी तुमच्याच ओट्यावर आपल्या शेजाऱ्यांच्या मंडळाचा स्वयंपाक होतो. इस्पितळात रुग्णांजवळ बसलेल्या नातेवाइकांसाठी डबे भरतात. भोपळ्याच्या साली, कोबीचे दांडे, शिळा पाव, कशाकशाचं काय काय करायचात तुम्ही! पदार्थाचं नाव विचारलं की म्हणायचात, "आधी खा, मग हवी तेवढी नावं ठेवा."

स्वतः मात्र कधी चव घेतली नाहीत. पळी माझ्यापुढे यायची. "भावजी, मीठ बघा."

"किंचित् न्यूनम्," मी म्हणे.

"मराठीत सांगा हो, शेगडीला संस्कृत येत नाही!"

बायको गेल्यावर मी दार लावून बसलो होतो. मीठ बघायच्या निमित्तानं तुम्ही मला माणसांत आणलंत. ते निमित्त होतं हे मला तेव्हाच कळलं होतं. तुमच्यापाशी बोललो नाही, कारण बोललो असतो तर रडलो असतो. तुमचे फार उपकार आहेत, वहिनी.

आता शेजारच्या नर्सबाई पळी पुढे करतात. "मास्तर, वहिनींसारखं झालंय ना?" मी मान डोलावतो. सगळ्यांचे चेहरे खुलतात आणि डबे भरायला लागतात.

खरं सांगू? तुमच्या हातची चव मला आता नीट आठवत नाही. आणि ती ठाऊक असलेला मी एकटाच, असं ते सगळे समजतात.

तुमचा,
धाकटा दीर