‘कृष्णा’ मोटारीची खंडेनवमी

सांगली, आश्विन वद्य पंचमी, शके १८७१

तीर्थस्वरूप चिंतामणमामांस,

गोपाळकृष्णाचा साष्टांग नमस्कार. आपला दमा कसा आहे? मामींनी थंडी पडण्याआधी गुडघ्यांना तेल चोळायला लागावे. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची रीत म्हणून लिहितो, एरवी मोटारींचा कारखाना बंद पडण्याच्या बेतात आहे.

आमच्या स्वदेशी ‘कृष्णा’ मोटारीला सरकारने हात द्यावा की नाही, हे ठरवणारे मुंबईचे साहेब (आपल्यातलेच, पण हॅट जुन्या साहेबांसारखी) दसऱ्याला कोल्हापूरच्या देवीला निघाले होते. ते वाटेत आमच्याकडे उतरले, ते नेमके खंडेनवमीला. चाकाखाली लिंबू ठेवून आम्ही त्यांना तासगाव रस्त्याने फिरवायला नेले. कवलापूरच्या अलीकडे गाडी थांबली. (ती थांबते, पण पुन्हा सुरूही होते, एवढे तिच्या बाजूने सांगायला हवे.) दादासो मिस्त्रीने बॉनेट उघडले, दुखणे ओळखले आणि हात जोडून उभा राहिला. पाने, पकडी, हातोडे सगळे कारखान्यात हळदकुंकू लावून पूजेला मांडलेले. माणूस धाडून पाना आणू म्हटले, तर म्हणाला, “आवं मालक, आज हत्याराला हात न्हाई लावायचा. उद्या शिलंगण झालं की लगीच करतो.” शेजारच्या रानातल्या अर्जुनाचीही हत्यारे पूजेतच होती. “बैल न्या की,” तो म्हणाला, “त्यांच्या पुजंचा बेंदूर कवाच झाला.”

अशा रीतीने साहेब मांडीवर हॅट घेऊन, बैलांनी ओढलेल्या मोटारीतून सांगलीला परतले. उतरताना एवढेच म्हणाले, की बैलांसाठी सरकारचे शेतकी खाते वेगळे आहे.

मामा, रांगणाऱ्या पोराला बाप बोट देतोच ना? (पोर फार वर्षे रांगते आहे असे आपण म्हणाल, तेही खरे.) आम्ही बुडालो तर कामगारांच्या घरच्या चुली थंडावतील. दादासो हल्ली जेवणाचा डबा आणतो आणि न उघडता परत नेतो. मला त्याच्याकडे बघवत नाही. आपले जावई नारायणराव सचिवालयात आहेत. स्वदेशी मालावर आपल्याच माणसांनी भरवसा ठेवायचा नाही तर कोणी, एवढे त्यांनी साहेबांच्या कानावर घालावे.

आपला,
गोपाळकृष्ण

ता. क. मार्गशीर्षात आमच्या उमाचे लग्न आहे. वरातीसाठी आपली विलायती गाडी साताऱ्याहून धाडावी.

पुन्हा ता. क. उमा ‘कृष्णा’तूनच सासरी जाणार म्हणते. दादासोने तिच्यासाठी एक गाडी रंगवूनही ठेवली आहे. मलाच धीर होत नाही. आपली गाडी संध्याकाळी, दादासो घरी गेल्यावर पोहोचेल अशी पाठवावी.