मेलेल्या तारेबद्दल दुरुस्ती

ती. वृंदाआत्यास, कासूहून सावनीचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? आधी एक चूक सुधारते. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की आपल्या शेतात तार नाही, तेव्हा माझ्या लग्नाला रोह्याहून नवरदेव अद्वय आणि त्याच्या आईबरोबर हेलिकॉप्टरने निर्धास्त ये. तार आहे. करंट नाही, एवढंच.

झालं असं, की हेलिकॉप्टरवाल्यांनी बाबांना फोनवर विचारलं, उतरायच्या जागी विजेच्या तारा आहेत का? बाबांनी ठामपणे नाही सांगितलं. कारण विहिरीवरचा पंप बंद झाल्यापासून ती लाईन तोडलेली आहे, आणि ज्या तारेत वीज नाही तिला आपल्याकडे तार धरतच नाहीत. मीही ऐकून तुला तसंच कळवलं. मग मी जागेचे फोटो काढायला गेले, तर एक खांब आंब्याच्या आड, दुसरा करंजांच्या झाडीत, आणि मधली तार फोटोत दिसेचना. मला दिसली तीसुद्धा तिच्यावर खंड्या बसला होता म्हणून. (पायलट येईल तेव्हा खंड्या जागेवर असेल, याची हमी कोण देणार?)

मी बाबांना म्हटलं, पंख्यात अडकायला करंट लागत नाही. ते म्हणाले, "तू जत्रेतल्या पाळण्यालाही भ्यायचीस!" आपली शेती बघणारे केरूकाका समजूत काढू लागले, "ताई, मेलेली तार हाय ती. चावायची नाय." शेवटी रडकुंडीला येऊन मी म्हटलं, निदान पायलटला दिसेल असं काहीतरी बांधा. हे बाबांना फारच पटलं. त्यांनी शेताच्या दुसऱ्या बाजूने नवी तार ओढून घेतली आणि तिला पताका लावल्या, म्हणजे पायलटला लग्नघर कळेल. आता तारा दोन आहेत. मी तोंड उघडलं की तार वाढते, म्हणून गप्प आहे.

बाकी सर्व क्षेम.

तुझी,
सावनी

ता. क. बाबा घाबरतात ते फक्त तुला. तू एवढंच सांग, की मी हेलिकॉप्टरमध्ये बसणार नाही, गाडीने येईन. मग अद्वयच्या आईही बसणार नाहीत (त्यांना आधीच धडकी भरली आहे, तुझ्यासमोर बोलवत नाही), आणि आईशिवाय अद्वय कुठेच चढत नाही.

ता. क. दुसरा. हेलिकॉप्टरवाल्यांचा नंबर मी मिळवला आहे. लग्न रविवारी. तुझा फोन आला नाही, तर शुक्रवारी, वीस फेब्रुवारीला, मीच त्यांना कळवणार: येऊ नका, तारा दोन आहेत, करंट एकीतही नाही, आणि मांडवात नवरीसुद्धा नाही.