चिंधीचं पाव अंडं

३ मार्च, सोमवार

चिंधी वाचली! मानेचे टाके आज निघाले. कुत्र्यानं धरलं होतं त्या दिवशी मी तिची आशाच सोडली होती. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, "जखम भरली, आता अंगावर मांस चढू दे. नुसता सापळा झालाय." नेहमीचं खाणं चालू ठेवायचं, जोडीला पाव अंडं, आठवड्यातून दोनदा. नीट उकडलेलं. मीठ नको, तेल नको.

पाव म्हणजे नेमकं पाव! घरी येऊन उकडलं आणि शिवणाच्या दोऱ्यानं चार फोडी केल्या — सुरीपेक्षा दोरा बरा, बलक चुरत नाही. एक फोड तिला. उरलेलं पाऊण अंडं ह्यांच्या पोटात. "मांजराचं दुखणं, माझी चैन," म्हणाले.

४ मार्च

आज अंडं नाही. तरी भांड्यापाशी बसून माझ्याकडे टक लावून बघत होती. शाळेच्या गणवेशाच्या सोळा बाह्या लावायच्या आहेत, हिच्याकडे बघू की त्यांच्याकडे?

६ मार्च, गुरुवार

दुसरं पाव. भांडं चाटूनपुसून साफ! मग गणवेशाच्या पांढऱ्या कापडावरच जाऊन झोपली. ओरडायचं मनात होतं, ओरडले नाही. पोट भरल्यावर कोण कुठे झोपेल, काय सांगावं.

८ मार्च

ओकली. दोनदा. पिवळं पिवळं.

पुसताना मनात आलं, माझ्या हातालाच काही आहे का? तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. साखरेचा आजार. जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांना केक दिला होता. बोटाएवढा तुकडा! किती दिवस मागत होत्या. वर राहणाऱ्या थोरल्या जाऊबाई तीस वर्षं दवाखान्यात नर्स होत्या, त्यामुळे सासूबाईंच्या खाण्यापिण्यावर त्यांचा कडक पहारा. केकची बशी त्यांनाच सापडली. घर माणसांनी भरलेलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "खाऊ घालून मारलंस त्यांना."

डॉक्टर सांगत होते, वय झालं होतं, हृदय थकलं होतं. पण कोण ऐकतं! मी तरी कुठे ऐकलं? त्या दिवसापासून वरचं-खालचं बोलणं बंद. आणि मी कोणाला काही खायला दिलं की तो माणूस दुसऱ्या दिवशी दिसेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो. हे कोणाला सांगितलेलं नाही. इथेच लिहितेय.

९ मार्च

रविवार. दवाखाना बंद. चिंधी पाणी पितेय, एवढंच.

१० मार्च, सोमवार

दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, वजन केलं. "पाव अंड्यानं असं होत नाही. एवढ्यात वजनही बरंच वाढलंय. दुसरीकडे कुठे पाहुणचार चालू आहे का?"

छे हो, म्हटलं. माझं मांजर माझ्या घराबाहेर खात नाही. आज अंडं बंद ठेवायला सांगितलं.

११ मार्च

पाहुणचारच! अकराच्या सुमारास चिंधीबाई जिन्यावरून डुलत उतरल्या. मिशा चिकट, हनुवटीवर बलक. कच्चा! आणि मागून वरून जाऊबाईंचा आवाज, "महाराणी, उद्या या हं!"

काय तो गोडवा! तीन वर्षांत माझ्या वाट्याला त्यातला एक थेंब आला नाही. म्हणजे माझं पाव अंडं नव्हतं! हायसं वाटलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग जाऊन बोल ना त्यांच्याशी." मी? जिना चढणार? मेले तरी नाही!

१२ मार्च

चिंधीला गळपट्टा शिवला. निळ्या कापडाचा, आत छोटा खिसा, बटणाचा. खिशात चिठ्ठी — "कच्चं अंडं देऊ नये. ही ओकते. डॉक्टरांनी उकडलेलं सांगितलं आहे, तेही पावच." खाली आणखी एक वाक्य लिहिलं होतं, "मी हिला मारणार नाही." ते फाडून टाकलं.

दुपारी वर गेली. तासाभरानं खाली आली. खिसा रिकामा, बटण लावलेलं. उत्तर नाही.

१३ मार्च, गुरुवार

उत्तर आलं! जिन्याच्या वळणावर खिळ्याला पुठ्ठा टांगलाय. पट्टीनं रेघा मारून रकाने — तारीख, वेळ, काय, किती, सही, शेरा. वॉर्डात खाटेला अडकवतात तसा अगदी. सुतळीला पेन्सिलही बांधली आहे.

पहिली ओळ त्यांच्या टपोऱ्या अक्षरात — "४ ते १२ मार्च. रोज एक. कच्चं." शेऱ्यात, "चूक माझी."

चूक माझी! मी तिथेच उभी राहून तीनदा वाचलं. खाली ठळक अक्षरात नियम. सोमवारी खाली, गुरुवारी वर. आधी पुठ्ठा बघायचा, मग द्यायचं, दिलं की लगेच सही. या आठवड्यात पोटाला आराम.

हे म्हणाले, "मांजर आहे की मंत्री?"

१७ मार्च, सोमवार

पाव अंडं. सकाळी नऊ. सही केली. सही करताना पाठ ताठ झाली होती, शाळेत निकालाच्या दिवशी व्हायची तशी. शेऱ्यात काय लिहावं सुचेना. "सगळं खाल्लं," लिहिलं.

१८ मार्च

ओकली नाही!

२० मार्च, गुरुवार

त्यांचा शेरा — "बलक खाल्ला, पांढरं ठेवलं. नखरे." मी जिन्यावर एकटीच मोठ्यानं हसले. वर दार करकरलं. कोणी बाहेर आलं नाही, पण ते बंदही झालं नाही.

२४ मार्च, सोमवार

डॉक्टरांनी चिंधीची पाठ थोपटली. "आता कशी मांजर दिसते!" पुठ्ठ्यावर लिहिलं, "डॉक्टर खूश. दोघींना शाबासकी." दोघींना हे डॉक्टर म्हणाले नव्हते. ती माझी भर.

माझ्या फोडीतलं पांढरं मी आता बारीक कुस्करून देते. तेही शेऱ्यात नोंदवलं — वरच्यांना उपयोगी पडेल.

२५ मार्च

शेजारणीला आज दोन घास जेवायला वाढले. संध्याकाळपर्यंत तिची आठवणही झाली नाही! आत्ता लिहिताना लक्षात आलं.

२७ मार्च, गुरुवार

पुठ्ठ्यावर आज दोन ओळी आहेत. पहिली चिंधीची — पाव, उकडलेलं, सही.

दुसरीवर तीन वर्षांपूर्वीची तारीख. सासूबाई जायच्या आदल्या दिवसाची. वेळ, सकाळी दहा. काय, केक. किती, मोठा तुकडा. सही थोरल्या जाऊबाईंची. शेऱ्यात, "हात जोडून मागत होत्या. मला नाही म्हणवलं नाही."